गिरडकरांचा बसलेला घसा

विहिरीचं तोंड लाकडी फळ्यांनी झाकलेलं होतं, फळ्यांवर पाटा ठेवला होता आणि पाट्यावर पंचफुला बसली होती. समोर सायकल धरून मनोहरराव गिरडकर उभे होते, आरोग्य खात्याचे स्वच्छता निरीक्षक. त्यांच्या मागे धोंडबा, खांद्यावर ब्लीचिंग पावडरचं पोतं घेऊन.

त्या सकाळी कोणाच्या पदरात काय पडणार होतं ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. धोंडबाच्या पदरात काहीच नाही. पोतं उतरवायला जागा मिळाली असती तरी तो खूश होता. पंचफुलाला काय हवं होतं ते तिला कोणी विचारलंच नव्हतं. राहता राहिले मनोहरराव. त्यांना एक खुर्ची मिळायची होती. मुख्य निरीक्षक दिवाळीत निवृत्त होत होते आणि मोठ्या कचेरीतली त्यांची खुर्ची रिकामी होत होती. वर पंखा, दाराशी शिपाई, टेबलावर काच. अर्धं आयुष्य गटारं हुंगत सायकल हाणलेल्या माणसाला असा पंखा म्हणजे मोक्षच. अट एकच होती. अडुसष्टच्या त्या पावसाळ्यात मनोहररावांच्या वॉर्डातून पटकीच्या, लोकांच्या तोंडी हैज्याच्या, साथीची बातमी वर जाता कामा नये.

आणि वॉर्डातल्या सगळ्या विहिरी निमूटपणे पावडर गिळत असताना ही एकच विहीर तोंड मिटून बसली होती. सक्करदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून रंगाऱ्यांची गल्ली होती, तिथली. गल्लीत विणकरांचं सूत रंगवून देणारी घरं. पावडर टाकायला लागल्यापासून ही माणसं आपली विहीर झाकून नाल्याकाठच्या जुन्या बावडीचं पाणी आणायला लागली होती. बावडीत काय काय वाहून येतं हे मनोहररावांना तोंडपाठ होतं.

"उठ वं माय," ते म्हणाले. "मले अजून चार विहिरी करायच्या हायेत."

"साहेब, आमचं सूत—"

"सुताचं मंग पाहू. आधी लेकरं का आधी सूत?"

"तसं नाई गा, सूत जे हाय ना आमचं—"

"हैजा आला तं सुताच्या दोऱ्या करून तिरडी बांधशीन काय?"

पंचफुलाने हात पदराला पुसले. पन्नाशीची बाई, कोपरापर्यंत हात जांभळे. मागे बायका जमल्या होत्या. त्यांच्यातून तिची सून रंभा म्हणाली, "लेकरासाठीच बसलो ना साहेब. थे पावडर पेल्यानं बाई वांझ होते म्हन्ते."

"कोन म्हन्ते?"

"सारेच म्हन्ते."

सगळ्या बायकांनी आधी रंभाकडे आणि मग एकमेकींकडे पाहिलं. मनोहररावांनी हे पाहिलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण त्या वेळी ते विहिरीच्या कठड्याकडे पाहत होते. कठड्यावर लाल त्रिकोण होता. कुटुंबनियोजनाचा. मागच्या वर्षी गल्लीत रंगवायला सपाट भिंत सापडेना, तेव्हा खात्याच्या पेंटरने तो विहिरीवरच काढला होता आणि काम पाहिल्याची सही मनोहररावांनी केली होती. ज्यांनी कठड्यावर त्रिकोण काढला तेच आता पाण्यात पांढरी भुकटी टाकणार. एवढी बेरीज कोणीही केली असती.

मनोहरराव वैतागले खरे, पण आतून जरा सुखावलेही. सुताचं काय करायचं हे खात्याच्या कुठल्याही परिपत्रकात नव्हतं. अफवेचं काय करायचं हे होतं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. जीपमधून डॉक्टरसाहेब उतरले आणि साहेबांबरोबर एक भोंगा उतरला. डॉक्टरसाहेब म्हणजे मनोहररावांचे वरिष्ठ, आरोग्य अधिकारी. पुण्याकडचे, स्वभावाने चांगले, पण त्यांना प्रत्येक गोष्ट शेवटाकडून ऐकायची सवय होती. "गिरडकर, अज्ञान आहे हे. अज्ञानाचं खंडन करायचं. स्पष्ट, मोठ्या आवाजात, पुन्हा पुन्हा." एवढं सांगून ते जीपमध्ये बसले. भोंगा राहिला.

मग मनोहरराव बोलायला लागले. सकाळी बोलले, दुपारी बोलले. "बंधूंनो आणि भगिनींनो, विहिरीत टाकण्याच्या पावडरीमुळे स्त्रियांना वांझपण येत नाही! ही अफवा आहे! पावडरीमुळे वांझपण येत नाही!" वांझपण हा शब्द भोंग्यातून असा काही मोठा होऊन निघायचा की शेजारच्या आळीतल्या म्हशी कान टवकारायच्या.

रंगाऱ्यांच्या गल्लीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. खाट टाकली, चहा दिला. पंचफुलाने एकदा "थकला असशीन बाप्पा" म्हणून गूळपाणीही दिलं. ते बावडीच्या पाण्याचं असेल या भीतीने मनोहररावांनी ते धोंडबाला दिलं आणि धोंडबाने त्यांच्याकडे एकदा पाहून ते नालीत ओतलं. विहिरीवरची फळी मात्र इंचभर सरकली नाही.

"अवं, समजते का नाई तुमाले?" भोंगा खाली ठेवून मनोहरराव ओरडत. भोंग्यातली मराठी वेगळी, वैतागाची वेगळी. "दगडासमोर बोललो अस्तो तं पाझर फुटला अस्ता!"

"समजते ना साहेब," बायका म्हणत. "तुमी लय चांगलं सांगून राहिले."

त्याच आठवड्यात नत्थूजी गेला. गल्लीच्या टोकाला राहणारा म्हातारा विणकर. दुपारी माग सोडून उठला, रात्रभर ओकाऱ्या-जुलाब, आणि सकाळी त्याला उचलून नेलं. दवाखान्याच्या कागदावर पटकी लिहिलं गेलं. तो कागद वर गेला आणि वरून डॉक्टरसाहेबांचा निरोप खाली आला: खंडन वाढवा.

आता वाढवायचं कुठे? गल्लीत तर वाढवायला जागा उरली नव्हती. मनोहरराव पलीकडच्या टांगेवाल्यांच्या आळीत गेले. खरं तर तिथे काही तक्रारच नव्हती. त्यांच्या विहिरीत उन्हाळ्यापासून पावडर पडत होती, माणसं पीत होती, घोडे पीत होते. पण केलेलं काम कागदावर दिसावं लागतं. त्यांनी आळीच्या मधोमध सायकल उभी केली आणि भोंगा तोंडाला लावला.

"पावडरीमुळे वांझपण येत नाही!"

घराघरातून बायका बाहेर आल्या. जिजाबाई नावाची एक बाई हातातलं सूप तसंच घेऊन आली.

"काय म्हन्ते गा? काय येत नाई?"

"वांझपण. येत नाही. लोक म्हणतात येतं, पण ते खोटं आहे."

"कोनते लोक म्हन्ते?"

"तिकडचे. रंगाऱ्यांच्या गल्लीतले."

"असं?" जिजाबाईने सूप कमरेवर धरलं. "आमच्या इथी कईपासून पडून राहिली थे पावडर?"

"उन्हाळ्यापासून. काही झालं का कोणाला? नाही ना?"

 जिजाबाईने वळून आपल्या दाराकडे पाहिलं. दारात तिची थोरली सून इंदूबाई उभी होती, अनंत टांगेवाल्याची बायको, माहेर मौद्याच्या बाजूचं. लग्नाला तीन वर्षं झालेली आणि पाळणा हललेला नव्हता. तिने पदर सावरला आणि ती आत गेली. मनोहररावांनी कागदावर लिहिलं की आळीत समाधानकारक प्रतिसाद मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी बायकोला चहा मागितला, तेव्हा तोंडातून नुसती हवा आली. घसा पार बसला होता. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. आवाज काही येईना. डॉक्टरसाहेबांनी त्यांचा घसा बघितला, चार दिवस बोलू नका म्हणाले, आणि वर, "पण तिथे जाऊन बसा. खात्याचा माणूस दिसला पाहिजे," असंही म्हणाले.

म्हणून मनोहरराव पंचफुलाच्या अंगणात येऊन बसले. पाऊस भुरभुरत होता. पत्र्याच्या छपराखाली बांबूंवर ओल्या सुताच्या लड्या टांगलेल्या होत्या, हिरव्या, कुसुंबी, जांभळ्या. एका बाजूला भट्टी आणि भट्टीवर तांब्याचा हंडा. मनोहरराव बाजेवर आणि धोंडबा पोत्यावर.

"आज भोंगा काहून बंद?" पंचफुलाने विचारलं.

"साहेबाचा गळा बसला," धोंडबा म्हणाला.

"बरं झालं."

मनोहररावांनी तोंड उघडलं. किटलीसारखा आवाज निघाला. त्यांनी ते मिटलं.

"कानंबी बसले का?"

"नाई, कानं चांगले हायेत."

"मंग ठीक हाय," असं म्हणून पंचफुला भट्टीशी बसली. आधी ती हंड्याशी बोलली, मग सुनेशी, मग धोंडबाशी. समोरचा माणूस मध्ये तोडत नाही म्हटल्यावर कोणाचंही होतं तेच तिचं झालं. सगळं आत साठलेलं बाहेर यायला लागलं.

ती उठली आणि आतून एक लडी घेऊन आली. जांभळी होती, पण तिच्यावर फिके पांढुरके चट्टे उठले होते, कोड फुटल्यासारखे.

"हे पाय," ती धोंडबाला म्हणाली, बघत मात्र मनोहररावांकडे होती. "पहाटे आमी हौद भरतो. तुमचं पोतं त्याच्या जराशा आधी पडते. त्या पान्यात रंग धरतच नाई. इतवारी बजारातल्या शेठनं हे लडी माह्या अंगावर फेकली. म्हने, सूत रंगवते का सुताले रोग लावते? सारी गल्ली रिकामी बसली असती. मंग काय करता? विहीर झाकली. विहीर झाकली तं प्याचं पानी कुठून आनता? बावडीतून."

"मंग हे सांगतलं काहून नाई?" धोंडबाने विचारलं.

"कोनाले सांगू गा? ह्यायले सांगतलं, तं म्हने सुताचं मंग पाहू. दवाखान्यात सांगतलं, तं नर्सबाई हासली, म्हने लुगडं मोठं का जीव मोठा. तिच्या अंगावरचं लुगडं कोनं रंगवलं थे तिले माहीत नाई. मंग त्या दिवशी रंभी बोलली लेकराचं. तिच्या तोंडाले आलं, बोलली. अन् काय सांगू गा, दुसऱ्या दिवशी जीप! रंगाचं सांगतलं तं सायकलबी थांबली नाई, अन् लेकराचं सांगतलं तं जीप आली."

आतून रंभा हसली.

"म्हंजे तुमचा भरवसा नाई त्या गोष्टीवर?" धोंडबाने विचारलं.

"माह्या सुनेच्या पोटात चवथं हाय. वांझ होते तं पोतंभर पावडर मीच मांगून आनली असती." पंचफुलाने लडी मांडीवर ठेवली. तिचा आवाज उतरला. "पन खरं सांगू का? आता मलेच भेव वाटून राहिलं. हा मानूस उनात पावसात वरडून राहिला, नाई होत, नाई होत. इतकं कोन वरडते बिनकामाचं? असन बाप्पा काहीतरी. आमीच सोडली ते गोष्ट अन् आमालेच खरी वाटाले लागली."

मनोहररावांना पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. त्यांना चीड आली. बाई पहिल्यांदा बोलली तेव्हाच नीट का बोलली नाही याची चीड आली, आणि मग ती नीटच बोलायला लागली होती हे आठवून जास्त चीड आली. त्यांनी हात हलवले, पहाट दाखवली, पोतं दाखवलं, सही केल्याची खूण केली. धोंडबाने अर्थ सांगितला: "साहेब म्हन्ते, ड्यूटी पहाटेची हाय. हजेरी पहाटे लागते."

"दिवेलागनीले टाका ना," पंचफुला म्हणाली. "सांजचं पानी भरून झालं की टाका. रातभर विहिरीत राहीन, पहाटेपर्यंत वास उडून जाते. आमचं सूतबी वाचते अन् तुमचा हैजाबी मरते."

मनोहरराव उठून उभे राहिले. नोकरीत पहिल्यांदाच कोणी त्यांना इतकी सोपी गोष्ट सांगितली होती, आणि नाही म्हणायला त्यांच्याकडे आवाज नव्हता.

"संध्याकाळी माही ड्यूटी नाई," धोंडबा घाईने म्हणाला.

मनोहररावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

त्या संध्याकाळी दिवे लागताना पंचफुलाने स्वतः पाटा उचलला आणि फळ्या बाजूला केल्या. पावडर पाण्यात पडली. दुसऱ्या दिवशी लड्या पक्क्या उतरल्या, बावडीची वाट बंद झाली, आणि त्या वर्षी गल्लीत नत्थूजीच्या मागून कोणी गेलं नाही.

मनोहरराव डॉक्टरसाहेबांकडे गेले. घशातून थोडी खरखर निघायला लागली होती. "साहेब, ते वांझपणाचं नव्हतंच. रंगाचं—"

"बोलू नका, घशाला आराम द्या," साहेब म्हणाले. ते अहवाल लिहीत होते. ध्वनिक्षेपकाद्वारे सातत्याने खंडन केल्यामुळे अज्ञान दूर होऊन जनतेने सहकार्य केले, असं वाक्य झालं होतं. मनोहररावांनी ते उलटं वाचलं. वाक्य चांगलं होतं. खाली त्यांचं नाव होतं. खुर्चीकडे जाणारा रस्ता त्या वाक्यावरून जात होता. त्यांनी घशाला आराम दिला.

दसऱ्यानंतर त्यांना बढतीचा हुकूम मिळाला, आणि जायच्या आधी वॉर्डातून एक चक्कर मारावी म्हणून ते निघाले. टांगेवाल्यांच्या आळीत अनंत घोडा टांग्याला जुंपत होता. दाराशी एक ट्रंक होती आणि एक वळकटी. इंदूबाई नव्या लुगड्यात उभी होती. जिजाबाई ओट्यावर.

"गावाला?" मनोहररावांनी विचारलं. आता आवाज पूर्ण परतला होता.

"मौद्याले पोचवून राहिलो तिले," जिजाबाई म्हणाली. "आता कायची वाट पाहाची? पावडरचं पानी पेली ना ते उन्हाळाभर. आता काही होत नाई. अनंताचं दुसरं पाहू."

मनोहररावांनी सायकल स्टँडला लावली. "जिजाबाई, ते खोटं आहे! मीच येऊन सांगितलं होतं ना, होत नाही म्हणून?"

"तूच सांगतलं. आमाले कुठं माहीत व्हतं?"

"अवं, मी नाई होत म्हणालो! नाई!"

"खोटं असतं तं सरकारचा मानूस भोंगा घेऊन आला असता काय? चोर नाई आला म्हनून कोनी बोंबलत फिरते काय गल्लीनं?"

"तुमच्या धाकटीला झालं ना पोर श्रावणात? तीही तेच पाणी प्यायली!"

"तिचं पह्यलेच ठरलं व्हतं," जिजाबाई शांतपणे म्हणाली. मनोहररावांनी अनंताकडे पाहिलं. अनंत घोड्याच्या गळ्याखालचा पट्टा आवळत होता. तो आधीच पुरेसा आवळलेला होता.

मनोहररावांना ओरडायचं होतं. ओरडण्यासारखंच होतं. रंगाऱ्यांची अख्खी गल्ली इथे आणून उभी करावी, पंचफुलाला सांगायला लावावं, रंभाचं चौथं पोर हिच्या मांडीवर आपटावं, असं त्यांना झालं. पण इथे ओरडून काय होतं हे आता त्यांच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. ते इंदूबाईकडे वळले.

"बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

इंदूबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"साहेब, बोलनं तं पह्यलेबी व्हतं. पह्यले माहा दोस व्हता, आता पावडरचा हाय. पह्यले आत्याबाई मले ठेवून घेत व्हत्या, म्हने होईन आज ना उद्या. तुमी आले अन् थो 'उद्या'च संपला." तिने ट्रंकेची कडी धरली. "मले काय म्हनाचं हाय थे आजपर्यंत कोनी इचारलं नाई. तुमी इचारलं. पन आता टांगा जुपला."

मनोहररावांनी ट्रंक उचलायला हात पुढे केला. तिने ती दिली नाही. स्वतः उचलून आत ठेवली.

हिशेब असा लागला. डॉक्टरसाहेबांना वरून शाबासकी मिळाली. मनोहररावांना खुर्ची मिळाली, पंख्यासकट. रंगाऱ्यांना पक्का रंग मिळाला. धोंडबाला संध्याकाळची ड्यूटी मिळाली, वर पहाटेची हजेरी चुकली म्हणून बोलणीही मिळाली. नत्थूजीने जे द्यायचं ते एका रात्रीत देऊन टाकलं. उरलेलं सगळं इंदूबाईच्या नावावर निघालं. ती टांग्यात मागच्या बाजूला बसली, आळीकडे तोंड करून, आणि चौक येईपर्यंत ओट्यावरच्या एकेका माणसाकडे नजर न हलवता पाहत गेली. पुढच्या बाजूला, तिच्या पाठीला पाठ लावून, तिचा नवरा टांगा हाकत होता.